जॉब कार्डचा मालक कोण?

अमेरिकेच्या हवाई दलाने नोव्हेंबर २०१२ मध्ये एक सॉफ्टवेअर प्रकल्प बंद केला. तोवर त्यावर एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा गेला होता आणि विमानाखाली उभ्या असलेल्या मेकॅनिकला उपयोगी पडेल असं जवळजवळ काहीच हाती आलं नव्हतं. ‘एक्स्पेडिशनरी कॉम्बॅट सपोर्ट सिस्टीम’ हे त्या प्रकल्पाचं नाव. सुटे भाग, त्यांची ने-आण, देखभाल, दुरुस्ती या सगळ्यांचा हिशेब एकाच प्रणालीत आणायचा आणि शेकडो जुन्या प्रणाली बंद करायच्या, असा बेत होता. काम पुढे रेटलं असतं तर आणखी १.१ अब्ज डॉलर लागले असते आणि २०२० साल उजाडलं तरी मूळ आराखड्याचा जेमतेम पाव हिस्सा पुरा झाला असता, असा खुद्द हवाई दलाचाच अंदाज होता.

हे सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून लिहायला कुणी बसलं नव्हतं, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. ओरॅकलचं बाजारात मिळणारं पॅकेज २००५ मध्ये निवडलं होतं. ते आहे तसं वापरायचं आणि आपल्या कामाच्या पद्धती त्याप्रमाणे बदलायच्या, असं कागदोपत्री ठरलंही होतं. प्रत्यक्षात पद्धती बदलायला कुणी राजी होईना, म्हणून मग पॅकेजच बदलायला घेतलं गेलं. सिनेटच्या उपसमितीने २०१४ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. त्यात बदलाला झालेल्या विरोधाबरोबर आणखी एक कारण नोंदवलं आहे: आपल्या जुन्या प्रणालींमध्ये नेमकं काय चालतं, याचीच हवाई दलाला पुरती माहिती नव्हती.

देखभालीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं की स्वतः घडवावं, हा प्रश्न चाकणच्या प्रेसशॉपपासून जिल्हा रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागापर्यंत सगळीकडे पडतो. तो बहुधा पैशांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. परवान्याचा खर्च इतका, प्रोग्रामरचा पगार तितका, वजाबाकी करा आणि ठरवा. हवाई दलाकडे पैशांची वानवा नव्हती. आपलं काम कसं चालतं हे ज्याने आधी लिहून काढलेलं नाही, त्याला विकत घेतलेलंही लाभत नाही आणि घरी घडवलेलंही लाभत नाही. म्हणून आधी कामाकडेच बघायला हवं.

देखभालीच्या सॉफ्टवेअरचा गाभा खरं तर फार मोठा नसतो. पहिली गोष्ट म्हणजे यंत्रांची यादी: कोणतं यंत्र, कुठे बसवलंय, कधी घेतलं, त्याचे पोटभाग कोणते. दुसरी, जॉब कार्ड: काय बिघडलं, कुणी सांगितलं, कुणी दुरुस्त केलं, किती वेळ यंत्र बंद राहिलं, कोणता स्पेअर लागला. तिसरी, ठरलेल्या देखभालीचं वेळापत्रक. कारखान्यात त्याला सर्रास पीएम म्हणतात. चौथी, स्टोअरमधला साठा. अहवाल, मोबाइल ॲप, क्यूआर कोड, सेन्सरशी जोडणी हे बाकी सगळे या चार गोष्टींवर चढवलेले मजले. जॉब कार्डावर ‘बेअरिंग बदललं’ एवढंच लिहिलेलं असेल आणि ते का गेलं हे लिहिलेलं नसेल, तर वरचे सगळे मजले रिकामे राहतात.

या चार गोष्टींचं पॅकेज विकण्याचा धंदा काही नवा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये १९६८ मध्ये सुरू झालेल्या एका कंपनीने १९८५ मध्ये ‘मॅक्सिमो’ नावाचं देखभालीचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. २००६ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ७४ कोटी डॉलरना विकत घेतली. तेल शुद्धीकरण कारखाने, विमानतळ, वीजनिर्मिती केंद्रं अशा मोठ्या आस्थापनांमध्ये मॅक्सिमो आजही चालतं. चाळीस वर्षं एकच उत्पादन टिकून आहे याचा अर्थ असा की जगभरच्या कारखान्यांचं देखभालीचं काम एकमेकांशी बरंच मिळतंजुळतं आहे.

तयार पॅकेजं येतात कुठून, याचा इतिहासही बोलका आहे. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जर्मन इंजिनीअरांनी १९७२ मध्ये सॅप ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा ओस्ट्रिंगेन इथला नायलॉनचा कारखाना. कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता, त्यामुळे हे पाचजण गिऱ्हाइकाच्याच संगणकावर, बऱ्याचदा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, काम करत. एका कारखान्यासाठी लिहिलेला तो प्रोग्राम पुढे दुसऱ्या कारखान्यांना विकायचा हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आज जगभरचे हजारो कारखाने ज्या सॅपमधून वर्क ऑर्डर काढतात, त्याची मुळं अशी एका कारखान्याच्या गरजेत आहेत.

विमान कंपन्यांची गोष्टही तशीच. स्वित्झर्लंडमधल्या बासेलची क्रॉसएअर ही छोटी विमान कंपनी. तिने १९९० च्या सुमारास आपल्या विमानांच्या देखभालीसाठी ‘आमोस’ नावाची प्रणाली घरीच घडवली. इतर कंपन्या ती मागू लागल्या. क्रॉसएअरचं पुढे ‘स्विस’ झालं, आणि आमोस सांभाळणारी वेगळी कंपनी निघाली; ती आज लुफ्तान्झाच्या समूहात आहे. ज्या विमान कंपनीसाठी ते लिहिलं गेलं तिचं नाव पुसलं गेलं, सॉफ्टवेअर मात्र जगभरच्या हँगरांमध्ये पोचलं.

आणि मुंबई. इथल्या रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायासाठी तयार ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून पाहिलं. ते काही जमलं नाही. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, आणि त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ उभं राहिलं. २००८ पासून मुंबईत चालणारी त्यांची फ्रापे ही कंपनी ते मुक्त परवान्याखाली देते; म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या सर्व्हरवर चालवावा. त्यात यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक आणि दुरुस्तीच्या नोंदी यांचीही सोय आहे. महाराष्ट्रातल्या लहान कारखानदाराला यामुळे तिसरा रस्ता मिळतो. परवान्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि पहिल्या ओळीपासून लिहीतही बसायचं नाही. इमारती आणि मोठ्या संकुलांसाठी इटलीत घडलेलं ‘ओपनमेंट’ हेही याच वाटेवरचं. फुकट कोड म्हणजे फुकट प्रणाली मात्र नव्हे. बसवणारा, शिकवणारा, बॅकअप घेणारा माणूस लागतोच.

ओस्ट्रिंगेन, बासेल, मुंबई या तिन्ही ठिकाणी दिसतं की तयार मिळणारं पॅकेज बऱ्याचदा कधीकाळी कुणाचं तरी घरचं काम असतं. ते घेताना त्या घराच्या सवयीही बरोबर येतात. जॉब कार्डाला किती सह्या लागतात, स्टोअरमधून माल काढायला कुणाची परवानगी लागते, यंत्र आणि त्याचा पोटभाग यांत रेघ कुठे ओढायची, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. ते आपल्याला चालणार आहे का, ही चौकशी किमतीच्या चौकशीआधी व्हायला हवी.

आता घरी घडवण्याकडे वळू. कारखान्यात बहुतेक वेळा याची सुरुवात एक्सेलच्या फाइलने होते. एखादा हुशार मेंटेनन्स इंजिनीअर ब्रेकडाऊनची नोंद ठेवायला तक्ता करतो, त्याला सूत्रं लावतो, मग ॲक्सेसमध्ये किंवा वेबवर छोटा प्रोग्राम उभा करतो. तो खरंच चांगला असतो, कारण करणाऱ्याला शॉप फ्लोअर माहीत असतो. फिटर काय बोलतो ते त्याच्या पडद्यावर तसंच दिसतं. अशा प्रोग्रामची थट्टा करणाऱ्या सल्लागारांनी एकदा त्या माणसाशेजारी बसून तो चालवून पाहावा. त्यातली समज विकत मिळत नाही.

अडचण पुढे येते. बेनेट लिएंट्झ आणि बर्टन स्वान्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये निष्कर्ष छापले. संगणक विभागांचा सुमारे निम्मा वेळ आधीच लिहिलेल्या प्रोग्रामांच्या देखभालीत जात होता. त्यातही चुका निस्तरण्याचं काम तुलनेने कमी होतं. सर्वांत मोठा वाटा वापरणाऱ्यांच्या नव्या मागण्यांचा होता: हा अहवाल हवा, तो रकाना हवा, हे दुसऱ्या प्रणालीशी जोडून हवं. म्हणजे सॉफ्टवेअर जितकं आवडतं, तितकं त्याच्यामागे काम वाढतं. यंत्रांची देखभाल करण्यासाठी घडवलेली गोष्ट स्वतःच देखभाल मागू लागते, आणि कारखान्याच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी रकानाच नसतो.

आकडे मांडून पाहू. ते नमुन्यादाखल आहेत. समजा, एखाद्या कारखान्यात वीस जण प्रणाली वापरणार आणि पॅकेजचं भाडं माणशी महिना २,५०० रुपये. वर्षाला ६ लाख होतात. तेच घरी करायचं तर दोन प्रोग्रामर हवेत. दरमहा ६०,००० प्रमाणे वर्षाला १४ लाख ४० हजार. पहिल्या वर्षात सगळं लिहून झालं आणि दुसऱ्या वर्षापासून कुणीच लागणार नाही, असं गृहीत धरलं तरच तिसऱ्या वर्षी घरचं स्वस्त पडतं. ते गृहीतक कधी खरं होत नाही. मोबाइलची नवी आवृत्ती येते, सर्व्हर बदलतो, ब्राउझर बदलतो. एक जरी माणूस कायम ठेवला तर वर्षाला ७ लाख २० हजार, म्हणजे पॅकेजच्या भाड्याहून जास्त. वीसऐवजी दोनशे जण वापरणारे असले की भाडं ६० लाखांवर जातं आणि हिशेब उलटतो. म्हणून आपण किती मोठे आहोत, हे आधी पाहायचं.

मोठ्यांनी घडवणं शहाणपणाचं कसं ठरतं, त्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे भारतीय रेल्वे. रेल्वेने १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था काढली. रुळांच्या देखभालीची प्रणाली, इंजिनांच्या नोंदींची प्रणाली, डब्यांच्या देखभालीची प्रणाली अशी कामं ही संस्था करते. अडुसष्ट हजार किलोमीटरहून जास्त मार्ग आणि लाखो डबे ज्यांना सांभाळायचे आहेत, त्यांना कायमस्वरूपी संगणक संस्था पोसणं परवडतं. मुख्य म्हणजे, संस्था असल्यामुळे एक माणूस निवृत्त झाला म्हणून प्रणाली पोरकी होत नाही. रेल्वेचं पाहून तीस यंत्रांच्या कारखान्याने तसंच करायला जाऊ नये.

बाहेरच्या छोट्या कंपनीकडून सॉफ्टवेअर लिहून घेणारे पुष्कळ आहेत. पैसे आपण दिले, तेव्हा कोड आपला, अशी त्यांची समजूत असते. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडची मालकी मात्र लेखी हस्तांतरणाशिवाय आपल्याकडे येत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन ओळी करारात घालायच्या राहिल्यामुळे सहाव्या वर्षी स्वतःच्याच प्रणालीत बदल करायला दुसऱ्याची परवानगी मागायची वेळ येऊ शकते.

विकत घेण्यातला धोका वेगळ्या जातीचा आहे, आणि त्याचं सर्वांत महागडं उदाहरण एफ-३५ या लढाऊ विमानाचं. या विमानाबरोबर लॉकहीड मार्टिनने ‘एलिस’ नावाची प्रणाली दिली. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं इलेक्ट्रॉनिक लॉगबुक तिच्यात असतं. भाग कुठून आला, किती तास उडाला, कधी बदलायचा, सगळं तिच्याकडे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. हवाई दलाच्या एकाच तुकडीने आपले वर्षाला ४५,००० हून अधिक तास एलिसच्या उणिवा हाताने भरून काढण्यात जातात, असा अंदाज दिल्याचं त्यात नोंदवलं आहे. लॉगबुकातली नोंद चुकली किंवा गहाळ झाली की उडायला तयार असलेलं विमानही प्रणाली अयोग्य ठरवायची. मग ती जोखीम पत्करून उडायचं की विमान उभं ठेवायचं, हे अधिकाऱ्याने ठरवायचं. त्याच वर्षी एलिसच्या जागी ‘ओडिन’ ही नवी प्रणाली आणायचं जाहीर झालं, आणि तेव्हा तांत्रिक माहितीवर सरकारचा हक्क किती, हा प्रश्न ऐरणीवर आला. विमान सरकारचं, इंधन सरकारचं, मेकॅनिक सरकारचा. पण भागांचा इतिहास कुणाचा, याचं उत्तर खरेदीच्या वेळी पुरेसं पक्कं केलेलं नव्हतं.

लढाऊ विमानाचं सोडा, लेथ मशीनच्या बाबतीतही हेच घडतं. दहा वर्षांच्या जॉब कार्डांमधून कोणता पंप दर पावसाळ्यात बसतो, कोणत्या कंपनीचं बेअरिंग टिकतं, कोणत्या शिफ्टमध्ये चुकीचं ग्रीस भरलं जातं, हे कळतं. ते ज्ञान कारखान्याने घाम गाळून मिळवलेलं असतं. भाड्याच्या सॉफ्टवेअरचं भाडं थकलं, विक्रेता बुडाला, किंवा त्याने जुनी आवृत्ती बंद केली तर ते कुठे जाणार? बडी कंपनीही कायमची हमी देत नाही. सॅपने आपल्या जुन्या ईसीसी ६.० या प्रणालीच्या मुख्य आधाराची मुदत २०२७ अखेरपर्यंत ठेवल्याचं फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं. तिच्यावर देखभालीचं काम चालवणाऱ्या कंपन्यांना नव्या प्रणालीकडे जाण्याची तयारी करावी लागली. सॉफ्टवेअर बदलतच राहणार. नोंदी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात अखंड जाता आल्या पाहिजेत.

तयार पॅकेजबरोबर आणखी एक गोष्ट येते जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही, ती म्हणजे पीएमच्या आयत्या याद्या. पंपाला दर महिन्याला हे, मोटारला दर तीन महिन्यांनी ते. यादी भरगच्च असली की विकणाऱ्यालाही बरं वाटतं आणि घेणाऱ्यालाही. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेला अहवाल इथे आठवायला हवा. विमानांच्या भागांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं की वय झालं म्हणून बदलण्याचा फायदा फक्त ११ टक्के प्रकारच्या भागांना होतो. उरलेल्या ८९ टक्क्यांच्या बिघाडाचा वयाशी तसा संबंध नव्हता, आणि कितीतरी भाग तर नवे बसवल्यावर सुरुवातीलाच बिघडत होते. म्हणजे विनाकारण उघडणं हेच काही वेळा बिघाडाचं कारण. विमानाचे आकडे कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण इशारा लागू होतो. आयती यादी आहे तशी चालू केली तर फिटर दिवसभर चांगली यंत्रं उघडत बसेल आणि वर पीएम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा हिरवा आलेख साहेबांना दिसेल.

याउलट काही गोष्टी स्वतः घडवण्यात अर्थ नसतो. बिघाडांची वर्गवारी ही त्यातली एक. नॉर्वेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात तेल कंपन्यांनी आपापल्या यंत्रांच्या बिघाडांची माहिती एकत्र केली. त्या ‘ओरेडा’ प्रकल्पाच्या अनुभवातून पुढे आयएसओ १४२२४ हे मानक आकाराला आलं. यंत्राचा प्रकार, बिघाडाचा प्रकार, बिघाडाचं कारण, सापडण्याची पद्धत यांच्या सुसंगत याद्या त्यात आहेत. मानक तेल-वायू उद्योगाचं असलं तरी पंप, कॉम्प्रेसर, मोटार सगळीकडे असतातच. प्रणाली विकतची असो वा घरची, वर्गवारी अशा मानकावरून घेतली की दहा वर्षांनीही नोंदी वाचता येतात.

‘आमचं काम वेगळं आहे’ हे वाक्य घरी घडवण्याच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं. महाराष्ट्रातला साखर कारखाना घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गाळप, आणि त्यानंतर जवळजवळ सगळा कारखाना खोलायचा. मिलचे रोलर उतरवायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, टर्बाइन उघडायचं, बॉयलरचं वार्षिक प्रमाणपत्र घ्यायचं. दर तीन महिन्यांच्या वेळापत्रकाचं साधं पॅकेज इथे बसत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ठरावीक काळाने सगळं बंद करून शेकडो कामं ठरलेल्या दिवसांत उरकणं हे तेल शुद्धीकरण कारखान्यातही चालतं आणि वीज केंद्रातही. शटडाऊनच्या नियोजनाची सोय चांगल्या पॅकेजांमध्ये असते. ती दाखवायला सांगावं लागतं, इतकंच. साखर कारखाना वेगळा आहे तो हंगामात ऊसतोडणी, वाहतूक आणि गाळप यांची सांगड घालण्यात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहून घेणं समजू शकतं. जॉब कार्डासाठी नाही.

खरोखर वेगळं काम कसं असतं, ते हाँगकाँगच्या मेट्रोत दिसतं. तिथे गाड्या रात्री मोजकेच तास थांबतात. आठवड्याला सुमारे २,६०० कामं आणि १०,००० माणसं त्या थोड्या तासांत बसवायची असतात. एका बोगद्यात वेल्डिंग चालू असताना शेजारी वीज चालू ठेवायची की बंद, एकच क्रेन दोन कामांना कशी द्यायची, आवाजाचे नियम कुठे मोडतात, अशी शेकडो बंधनं एकमेकांत अडकलेली. पूर्वी दर आठवड्याला अनुभवी लोक बसून हे जुळवत. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगचे अँडी चुन यांनी त्या अनुभवी लोकांकडून नियम समजून घेतले आणि ते संगणकात घातले. ही प्रणाली २००४ पासून वापरात आहे. इथलं काम खरोखरच इतरांपेक्षा वेगळं होतं, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर दुकानात मिळत नव्हतं. घडवायचं ते इथे घडवायचं. यंत्रांची यादी आणि स्टोअरचा साठा यांसाठी कुणी नवा शोध लावत बसू नये.

सरकारी रुग्णालयांनी आणखी निराळी वाट धरली. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने उपकरणांची मोजदाद केली तेव्हा २९ राज्यांतल्या २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणं सापडली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यातली १३ ते ३४ टक्के, राज्याराज्यानुसार, बंद पडलेली. मग २०१५ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात राज्यांना देखभालीची सेवाच बाहेरून घेण्याची मुभा मिळाली. जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ, सामुदायिक आरोग्य केंद्रातली ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, अशी अट घातली गेली. इथे सॉफ्टवेअर सेवेच्या पोटात येतं. अट परिणामावर आहे, हे या रचनेतलं बळ. पण नोंद ठेवणारा आणि नोंदीवर पैसे घेणारा एकच असेल तर व्हेंटिलेटर किती तास बंद होता हे रुग्णालयाला त्याच्याच पडद्यावर बघावं लागतं. म्हणून वॉर्डातल्या परिचारिकेने स्वतंत्रपणे केलेली तक्रारीची नोंद, वेळ घालून, रुग्णालयाच्या ताब्यात असायला हवी. तिथे एखादा जीव टांगणीला लागलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली आहे. विकतचं, मुक्त आणि स्थानिक पातळीवर घडवलेलं असे पर्याय तिच्यात चर्चेला घेतले आहेत. देखभालीची व्यवस्था आधी असावी लागते आणि सॉफ्टवेअर तिच्या मदतीला येतं, हा तिचा रोख कारखान्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

तेव्हा ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी विक्रेत्याला बोलावण्याआधी दोन-तीन महिने साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये, एकाच विभागापुरती, जॉब कार्डं नीट भरून पाहावीत. कोणता रकाना कायम रिकामा राहतो आणि कोणता रोज लागतो, ते तिथेच कळेल. पडदा मेंटेनन्स मॅनेजरला दाखवू नका, रात्रपाळीच्या फिटरला द्या. हातमोजे काढून, तेलकट बोटांनी, नेटवर्क नसलेल्या कोपऱ्यात, मराठीत टाइप करून त्याला एक तक्रार बंद करता येते का ते पाहा. त्याला जे जमत नाही ते संध्याकाळी कुणीतरी अंदाजाने भरतो, आणि अंदाजाच्या नोंदींवर पुढची दहा वर्षं निर्णय होत राहतात. लहान आणि मध्यम कारखान्यांपैकी बहुतेकांनी गाभा विकत घ्यावा किंवा मुक्त सॉफ्टवेअर बसवून घ्यावं. आपलं खरंच वेगळं असलेलं एखादं काम असेल तर तेवढंच लिहून घ्यावं आणि त्याच्या कोडची मालकी लेखी करून घ्यावी. आणि करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला आपल्यासमोर एक काम करायला लावावं. चाचणीसाठी भरलेली सगळी यंत्रं, जॉब कार्डं, फोटो आणि स्पेअरच्या नोंदी त्याने साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढून दाखवाव्यात. जो हे करून दाखवत नाही त्याचं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.